दुखणं खरं, वर्गही खरा

सोमवार, 7 ऑक्टोबर 2024, चेन्नई

तिमाही परीक्षेनंतरची सुट्टी संपली, आज शाळा उघडल्या. दक्षिण चेन्नईतल्या ज्या शाळेत मी समुपदेशक म्हणून जाते, तिथल्या मुख्याध्यापिकांनी आल्या आल्या सिक रूमची वही माझ्यापुढे ठेवली. "तुम्हीच बघा मॅडम, आणि काय करायचं ते सांगा." वेळ, नाव, इयत्ता, तक्रार, काय केलं, असे रकाने. तक्रारीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी पोटदुखी नाहीतर डोकेदुखी. शेवटच्या रकान्यात दोनच वाक्यं आलटून पालटून येतात: 'बाम लावला, वर्गात पाठवलं' आणि 'आईला फोन केला, घरी पाठवलं'. नावं मात्र तीच ती. काही मुलांची हजेरी जणू वर्गापेक्षा या वहीतच जास्त लागली आहे.

तीन महिन्यांहून जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे दीर्घकालीन वेदना. 'पेन' या वैद्यकीय नियतकालिकात यंदा जगभरच्या अभ्यासांचा आढावा आला, त्यात दर पाच मुलांमागे साधारण एकाला असं काहीतरी दुखत असतं असं निघालं. चाळीस मुलांच्या वर्गात आठ जण झाले की! सगळ्यांचीच शाळा बुडत नाही. बरीचशी निमूट सोसत बसतात, आणि त्यांची नावं या वहीत कधीच येत नाहीत.

मुख्याध्यापिकांना म्हटलं, मुलं माझ्याकडे पाठवण्याआधी मला दोन शनिवार शिक्षकांसाठी द्या. त्यांनी कॅलेंडर काढून लगेच दिले.

बुधवार, 9 ऑक्टोबर

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसले. गणिताच्या मिस म्हणाल्या, "चाचणीच्या दिवशीच पोट कसं दुखतं, ते सांगा." सहावीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मला तर भीतीच वाटते. उद्या अपेंडिक्स निघालं तर कोणाला धरतील? मी आपली लगेच घरी पाठवते." दोघींचं म्हणणं समजण्यासारखं आहे, आणि दोघींच्या मध्ये मूल सापडतं. एकीकडे ते वर्गात राहतं पण खोटारडं ठरतं. दुसरीकडे ते खरं ठरतं, पण वर्ग हातचा जातो. विश्वासही ठेवायचा आणि वर्गही सुटू द्यायचा नाही, हे दोन्ही एकाच वेळी कसं साधायचं, एवढंच मला या शाळेत शिकवायचं आहे.

गणिताच्या मिसच्या प्रश्नाला उत्तर आहे. काळजीने पोटातली आतडी खरोखरच वेगळी वागतात. पोट आणि मेंदू यांच्यात नसांमधून संदेशांची रात्रंदिवस ये-जा असते. चाचणीच्या भीतीने दुखायला लागलं म्हणून ते दुखणं बनावट होत नाही.

सिक रूम सांभाळणाऱ्या आयाम्मांशीही बोलले. कोण उपाशी येतं, कोण शाळेच्या संडासात जायचं टाळतं, कोणाला पाळीच्या पहिल्या दिवशी उभं राहवत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांना आजवर एकाही प्रशिक्षणाला कोणी बोलावलेलं नाही. शनिवारच्या यादीत त्यांचं नाव सर्वांत वर लिहिलं.

रात्री जुनी टिपणं काढली. 1958 साली जॉन ॲप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्याने ब्रिस्टलच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली होती. दर दहांतल्या एकाला वरचेवर पोटदुखी, आणि त्यातल्या फारच थोड्यांच्या पोटात बोट ठेवून दाखवता येईल असा आजार. मुलांच्या दुखण्यावर अविश्वास दाखवायची सवय डॉक्टरांनाही होती. इंदूरला वैद्यक शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांना दिसलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर जवळजवळ भुलीविना शस्त्रक्रिया होतात, कारण इतक्या लहान जिवाला वेदना जाणवत नाहीत असा समज. नीट भूल दिलेली बाळं शस्त्रक्रियेनंतर अधिक चांगली सावरतात, हे त्यांच्या गटाने 1987 साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं. त्याला अजून चाळीस वर्षंही झालेली नाहीत. शाळेतल्या शिक्षकांना मी कोणत्या तोंडाने बोल लावू?

मंगळवार, 15 ऑक्टोबर

रात्रभर पाऊस. शाळांना सुट्टी. मागच्या वर्षीच्या पुराचा धसका घेऊन लोकांनी कालच आपापल्या गाड्या वेळचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या. घरात अडकून पडल्याचा फायदा घेऊन शनिवारचा पहिला तास लिहून काढला.

तपासण्या सगळ्या नीट असूनही दुखतं कसं, हे शिक्षकांना पटलं नाही तर पुढचं सगळं फुकट. दिवाळीत समजेल असंच उदाहरण घ्यायचं ठरवलं: गल्लीत फटाका फुटला की उभ्या गाड्यांचे भोंगे बोंबलायला लागतात. चोर नसतो, पण भोंगा खराच वाजत असतो आणि झोपही खरीच मोडते. काही मुलांची वेदनेची यंत्रणा अशी हळवी होऊन बसते. एखाद्या जुन्या संसर्गाने, मार लागल्याने, बद्धकोष्ठाने सुरुवात होते. मूळ कारण निघून जातं, पण नसा आणि मेंदू यांचा हळवेपणा मागे राहतो. अपुरी झोप, भीती, सततची विचारपूस आणि अंथरूण धरून राहणं यांनी तो वाढतो. हालचाल, नियमित झोप, मन गुंतणं आणि धीर यांनी तो हळूहळू उतरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मुलांच्या दीर्घकालीन वेदनेसाठी मार्गदर्शिका काढली. व्यायाम आणि हालचाल, विचार-वर्तनाच्या अंगाने जाणारे मानसोपचार आणि जरुरीपुरती औषधं, ही तिची तीन अंगं, आणि तिन्हींचा विचार मुलाच्या घरा-शाळेसकट करायचा. यातली औषधं डॉक्टरांकडे. उरलेल्या दोन गोष्टी रोज सहा-सात तास कुठे घडू शकतात? शाळेतच.

शनिवार, 19 ऑक्टोबर

पहिलं सत्र. वर्गशिक्षक, पीटी सर, ग्रंथपाल, आयाम्मा, वॅन अण्णा, सगळे ग्रंथालयात गोलात बसले. वॅन अण्णा आधी दारातच उभे होते. सकाळी गेटवर पोट धरून बसणारं मूल सगळ्यांत आधी तुम्हालाच दिसतं, असं म्हटल्यावर आत आले.

लिन वॉकर यांच्या प्रयोगाने सुरुवात केली. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या या संशोधक. त्यांनी नेहमी पोट दुखणाऱ्या मुलांना आणि निरोगी मुलांना पोट गच्च होईपर्यंत पाणी पाजलं. मग काही आयांना सांगितलं, फक्त दुखण्याचीच चौकशी करा. काहींना सांगितलं, विषय बदला, दुसऱ्या गोष्टीत रमवा. चौकशीच्या गटातल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, रमवलेल्या मुलांच्या निम्म्यावर आल्या. पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुखणाऱ्या मुलांच्या आयांना वाटत होतं, विषय बदलणं मुलाला बाधेल. मुलांना मात्र रमवणारी आईच जास्त बरं वाटायला लावणारी वाटली. हा 2006 सालचा अभ्यास.

"म्हणजे दुर्लक्ष करायचं?" पीटी सरांनी विचारलं. नाही. एकदा ऐकायचं, मनापासून ऐकायचं, आणि मग पुढे चालायचं. हे करून बघायला दोघींना पुढे बोलावलं. सहावीच्या वर्गशिक्षिका मिसच राहिल्या, ग्रंथपाल झाल्या विद्यार्थिनी.

"मिस, वयित्तु वलि, पोट दुखतंय. घरी जाऊ?"

"दुखतंय ना कण्णा, कळलं मला. नेहमीसारखंच आहे की आज काही वेगळं?"

"नेहमीसारखंच."

"मग आपलं काय ठरलंय? आधी श्वास, मग पाणी. जागेवर बसून कर. हा उतारा वाचून झाला की मी तुझ्यापाशी येते."

आणि मिस खरोखर दोन मिनिटांनी गेल्या. गेल्यावर पोटाचं विचारलं नाही, उताऱ्याचं विचारलं. संवाद इतकाच. पण त्यात तीन गोष्टी झाल्या: दुखणं मान्य झालं, धोक्याची चाचपणी झाली आणि मुलीच्या हाती स्वतःसाठी करण्याजोगं काम आलं. 'काही नाही होत', 'नाटक पुरे', 'आई गं, फारच दुखतंय का?' ही तिन्ही वाक्यं फळ्यावर लिहून खोडली. आयाम्मांनी तिसऱ्या वाक्याला हरकत घेतली. माया दाखवायची नाही तर काय करायचं? माया जरूर दाखवा, पण मूल वर्गात परत जाताना दाखवा, असं सुचवलं. त्या जरा विचारात पडल्या, मग म्हणाल्या, करून बघते.

सोमवार, 21 ऑक्टोबर

वर्गशिक्षिकांची अपेंडिक्सची भीती जात नव्हती आणि ती पूर्ण घालवायचीही नाही. आज एक तांबडी यादी करून सिक रूमच्या दारावर लावली. हे दिसलं तर श्वास नाही, पाणी नाही, आधी पालक आणि डॉक्टर: ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, झोपेतून उठवणारं दुखणं, उलटीसकट येणारी सकाळची डोकेदुखी, घटत जाणारं वजन, सुजलेला सांधा, लंगडणं, उजव्या कुशीत खाली दुखणं आणि वाढतच जाणं, मुलग्यांमध्ये अंडकोशात अचानक कळ. आणि रोजच्याहून वेगळं असं मूल स्वतः सांगेल ते काहीही.

सुजलेल्या सांध्यावर बराच वेळ थांबले. सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा आणि सहा आठवड्यांहून जास्त राहणारा संधिवात मुलांनाही होतो. अशा मुलाचे सांधे सकाळी आखडलेले असतात. पहिल्या तासाला उशीर, वाकडंतिकडं अक्षर आणि जिन्यात रेंगाळणं यांना आळस म्हणून शिक्षा होते. दुपारी तेच मूल पळताना दिसलं की शिक्षक म्हणतात, बघा, आता कसं जमतं!

संध्याकाळी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात आश्रमशाळेवर शिकवणाऱ्या मैत्रिणीचा फोन झाला. तिच्या वर्गात सिकलसेलची मुलं आहेत. या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. गारठा, कमी पाणी, अतिश्रम आणि संसर्ग, ही कळा उठायची नेहमीची कारणं. सातपुड्यातली डिसेंबरातली पहाट, गार पाण्याची आंघोळ आणि वर मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा. कारणांची रांगच लागते. तिने वर्गात पाण्याची बाटली बाकावर ठेवायची मुभा दिली आहे आणि स्वेटर घालूनच प्रार्थनेला या असं सांगितलं आहे. अशा मुलाला ताप आला किंवा छातीत दुखलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, हे वसतिगृहाच्या अधीक्षकांनाही तिने बजावून ठेवलं आहे.

भारतात सिकलसेलची नोंद पहिल्यांदा झाली ती 1952 साली, इथल्याच निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. राष्ट्रीय निर्मूलन अभियान शहडोलहून सुरू झालं ते 1 जुलै 2023 ला. आता लाखोंच्या तपासण्या होताहेत. तपासणीत सापडलेलं मूल दुसऱ्या दिवशी शाळेतच जाणार, तेव्हा त्याच्या शिक्षकाला काय सांगितलंय, हा प्रश्न आम्ही दोघींनी बराच वेळ घोळवला.

शनिवार, 26 ऑक्टोबर

दुसरं सत्र. आज सगळं अंगाने करायचं. हात पोटावर ठेवून श्वास: आत घेताना हात वर यायला हवा, बाहेर सोडताना जास्त वेळ. मग मुठी आवळून सोडणं, खांदे कानांपर्यंत नेऊन सोडणं. वर्गात कोणाला कळूही न देता करता येतं. वॅन अण्णांचा श्वास सर्वांत संथ निघाला. ते रोज पहाटे चालायला जातात.

सिक रूममधल्या पिवळ्या डबीचा विषय निघालाच. अमृतांजन आधी मुंबईत जन्मलं, 1893 साली, नागेश्वर राव पंतुलूंच्या हातून. मग मद्रासला आलं आणि मैलापूरच्या लूझ चर्च रोडवर स्थिरावलं. घरच्याच औषधाइतका इथे त्याचा मान. बाम चोळल्याने बरं का वाटतं, याचं उत्तर मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलेल्या सिद्धान्तात सापडतं. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. म्हणून बाम लावायला माझी हरकत नाही. मुलाने तो स्वतः, जागेवर बसून, दोन मिनिटं चोळावा. हरकत आहे ती कपाटातल्या गोळ्यांना. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. ॲस्पिरिन तर तापातल्या मुलाला देऊच नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय शाळेने गोळी द्यायची नाही, हे आज ठरलं.

मग आयाम्मांनी मांडलेला मुद्दा घेतला: उपास, तहान आणि संडास. भुकेने पोट आणि डोकं दोन्ही दुखतं, हे या शहराला कोणी शिकवायला नको. 1920 साली मद्रास नगरपालिकेने थाउजंड लाइट्सच्या शाळेत मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली, आणि 2022 पासून तमिळनाडूच्या सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही मिळू लागली. खासगी शाळेतली कित्येक मुलं मात्र वॅन चुकेल म्हणून दुधाचा घोट घेऊन निघतात. दिवसभर संडास टाळायचा म्हणून पाणी पीत नाहीत. चेन्नईच्या उकाड्यात पाणी नाही म्हणजे डोकेदुखी, आणि शौच दाबून धरणं म्हणजे बद्धकोष्ठ. मुलांच्या पोटदुखीत ते नेहमीचंच. केरळातल्या शाळांनी 2019 साली पाणी पिण्याची घंटा सुरू केली होती. इथेही दोन घंटा द्यायचं ठरलं. मुख्याध्यापिकांनी संडासाच्या कड्या आणि साबण यांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. मला या एका निर्णयाचा आनंद सगळ्यांत जास्त झाला.

सोमवार, 4 नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. सहावीतल्या एका मुलीची आई आणि वर्गशिक्षिका यांच्यासोबत बसले. वर्षभर पोटदुखी, सोनोग्राफीपासून एंडोस्कोपीपर्यंत सगळं करून झालेलं, जूनपासून निम्मी शाळा बुडालेली. आईने विचारलं, "म्हणजे माझ्या मुलीला काहीच झालेलं नाही?" मी म्हटलं, "झालेलं आहे. तिला दुखतंय, आणि ते दुखणं शरीर पोखरणारं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत." त्या रडल्या. वर्षभरात दुखणं खरं असल्याचं आणि धोका नसल्याचं एकाच वाक्यात त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुखणं थांबलं की शाळा, हा घरचा क्रम. तो उलटा करायचा आहे: आधी शाळा, दुखणं मागाहून उतरेल. पण एका दिवसात नाही. या आठवड्यात रोज पहिले तीन तास, दुखो वा न दुखो. पुढच्या आठवड्यात जेवणापर्यंत. त्यानंतर पूर्ण दिवस. बरं वाटलं म्हणून जास्त थांबायचं नाही, दुखलं म्हणून लवकर जायचं नाही. वेळ घड्याळाने ठरेल, पोटाने नाही. बुडलेला सगळा अभ्यास भरून काढायचा नाही, कोणता धडा सोडायचा ते शिक्षकांनी ठरवायचं. नाहीतर वह्यांच्या त्या ढिगानेच पोट पुन्हा दुखायला लागतं.

दुखलं की काय करायचं, याचं स्वतःचं कार्ड मुलीने निळ्या शाईने लिहिलं. 'एक: पोटावर हात, दहा श्वास. दोन: पाणी. तीन: तरी दुखलं तर मिसना कार्ड दाखवायचं, बोलायचं नाही. चार: सिक रूममध्ये दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी. पाच: वर्गात परत.' पाचव्या ओळीखाली तिनेच रेघ मारली. 'बोलायचं नाही' हे कलम तिचंच. सगळ्या वर्गासमोर पोटाचं सांगायला तिला लाज वाटते, हे वर्षभरात कोणी विचारलंच नव्हतं.

गुरुवार, 14 नोव्हेंबर

बालदिनाचे सामने. ती मुलगी पीटी सरांच्या शेजारी गुण लिहायला बसली होती. दुसऱ्या डावात सरांनी तिला खेळायला उतरवलं, थोड्या वेळाने पुन्हा वहीवर बसवलं. मैदानावरून कायमची सुट्टी देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. दुपारी तिचं पोट दुखलं. तिने कार्ड दाखवलं, सिक रूममध्ये गेली आणि दहा मिनिटांनी परत आली.

नववीतल्या एका मुलीच्या पालकांनी परीक्षेतल्या सवलतीबद्दल विचारलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत. सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया त्यात आहेत. त्या मुलांना प्रमाणपत्रावर लेखनिक, जादा वेळ मिळू शकतो. नुसत्या दीर्घकालीन वेदनेला त्या यादीत जागा नाही. अर्धशिशीने महिन्यातून आठ दिवस आडवं पडणाऱ्या मुलीसाठी शाळेला जे करता येईल ते आपल्या अखत्यारीतच करावं लागतं: खिडकीपासून दूर जागा, चुकलेल्या चाचणीची दुसरी तारीख, डोळे मिटून बसायला पाच मिनिटं. याला सरकारी कागद लागत नाही.

शुक्रवार, 22 नोव्हेंबर

मुख्याध्यापिकांबरोबर आढावा. सगळं जमलं असं नाही. आठवीतला एक डोकेदुखीचा मुलगा अजून घरी जातो. त्याच्या घरी काहीतरी बिनसलं आहे आणि ते कार्डाने सुटणारं नाही. गणिताच्या मिसना अजूनही चाचणीच्या दिवशीची पोटदुखी खटकते, पण आता त्या चाचणीआधी सगळ्या वर्गालाच श्वास घ्यायला लावतात. वहीत नवा रकाना आला: 'किती वेळात वर्गात परत'. घरी पाठवल्याच्या नोंदी कमी दिसतात. मुलांना दुखायचं थांबलं, असं मी म्हणणार नाही. दुखत असताना त्यांचा दिवस वाया जाईनासा झाला, एवढं नक्की म्हणेन.

फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्राने शालेय आरोग्याचा कार्यक्रम आणला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत, शिकवायला अकरा विषय. पोषण आहे, मानसिक आरोग्य आहे, इंटरनेटची सुरक्षितताही आहे. वेदना मात्र स्वतंत्र विषय म्हणून कुठेच नाही. त्या दोन शिक्षकांना दोन तास जास्तीचे दिले तरी पुष्कळ होईल. बी.एड. आणि डी.एल.एड.च्या मुलांनाही हे वर्गात उभं राहण्याआधीच कळायला हवं.

या शाळेत दर जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन तासांचं सत्र आजच पक्कं करून घेतलं, कारण दर वर्षी काही शिक्षक बदलतात आणि त्यांच्याबरोबर कार्डाचा अर्थही शाळेबाहेर जातो. लागतं काय? एक वही, दारावरची यादी, छापील कार्डं आणि आयाम्मांपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांचे दोन तास. सोमवारी शेजारच्या महापालिकेच्या शाळेत हेच मागायला जाणार आहे. आयाम्मांना सोबत न्यायची परवानगी मिळाली आहे.